घरच्या संगणकाचा बॅकअप: ऑनलाइन जागा घ्यावी की एक्सटर्नल हार्ड डिस्क?

ऑनलाइन जागा आणि एक्सटर्नल हार्ड डिस्क यांची तुलना करण्यापूर्वी आपल्याकडे नेमकी किती माहिती आहे, हे पाहून घ्यावे. विंडोजमध्ये डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, व्हिडिओज आणि डेस्कटॉप या फोल्डरांवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडले की आकडा समोर येतो. (डेस्कटॉप विसरू नये, महत्त्वाच्या फाइली पुष्कळदा तिथेच पडलेल्या असतात.) कागदपत्रे, हिशेबाच्या एक्सेल फाइली आणि मुलांचे शाळेचे प्रकल्प एवढेच असेल, तर सगळे मिळून सहसा २०-३० जीबीच्या पलीकडे जात नाही. मोबाइलमधून वर्षानुवर्षे उतरवलेले फोटो असतील तर तोच आकडा शंभर-दोनशेवर जातो, आणि लग्ना-मुंजीचे चित्रीकरण मूळ स्वरूपात ठेवलेले असेल तर एक टीबीही अपुरी पडू शकते. पुढचा सगळा निर्णय या आकड्यावर बराचसा ठरतो.

हार्ड डिस्कची बाजू सर्वांत भक्कम आहे ती वेगात. ५०० जीबी माहिती यूएसबी ३ च्या साध्या हार्ड डिस्कवर सेकंदाला १०० एमबी या वेगाने उतरवली, तर दीड तासाच्या आत काम होते. बारीक फाइली हजारोंनी असतील तर थोडा अधिक वेळ लागतो. तीच माहिती ४० एमबीपीएस (म्हणजे सेकंदाला ४० मेगाबिट, सुमारे ५ एमबी) अपलोड वेगाच्या फायबर जोडणीवरून चढवायला, वेग क्षणभरही घसरला नाही तरी, सुमारे २८ तास लागतात, आणि अपलोडला ५ एमबीपीएसच मिळत असतील तर नऊ दिवसांहून अधिक. त्यामुळे इंटरनेटची योजना घेताना अपलोडचा वेग वेगळा विचारून घ्यावा. अर्थात हा खटाटोप पहिल्याच वेळी असतो, नंतर केवळ नव्या आणि बदललेल्या फाइली चढतात. संगणक बंद पडल्यावर मात्र सगळे पुन्हा उतरवून घ्यावे लागते, आणि तेव्हा ज्याच्याकडे हार्ड डिस्क आहे त्याचे काम त्याच संध्याकाळी मार्गी लागते.

हार्ड डिस्कची मोठी उणीव अशी, की ती संगणकाच्या शेजारीच असते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणमध्ये घराघरांत पाणी शिरले. अशा वेळी टेबलावरचा संगणक आणि त्याच टेबलाच्या खणातली डिस्क दोन्ही एकदमच जातात. चोरी आणि आग यांनाही हेच लागू आहे. यावर घरगुती उपाय म्हणजे दोन डिस्क ठेवणे. एक घरी आणि दुसरी गावी किंवा बहिणीकडे, आणि गणपती-दिवाळीला जाणे होईल तेव्हा दोहोंची अदलाबदल. हा उपाय खरोखर चांगला आहे, परंतु गावच्या डिस्कवर मधल्या काही महिन्यांचे फोटो नसणार, हे गृहीत धरावे लागते. डिस्क कोकणात ठेवायची असेल तर सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात ठेवावी.

दुसरा धोका रॅन्समवेअरचा, म्हणजे फाइली कुलूपबंद करून त्या उघडण्यासाठी खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमचा. मे २०१७ मधील वॉनाक्रायसारखा प्रोग्रॅम संगणकात शिरला की जोडून ठेवलेल्या डिस्कवरील फाइलीही कुलूपबंद करतो. म्हणून बॅकअप झाल्यावर डिस्क काढून ठेवावी, हा सल्ला योग्यच आहे. पण काढलेली डिस्क पुन्हा लावायला घरातल्या कोणाला तरी आठवण राहावी लागते, आणि माझ्या मते हार्ड डिस्कवरचा बॅकअप बुडतो तो इथेच. विंडोजमधील फाइल हिस्ट्री किंवा मॅकमधील टाइम मशीन आपोआप चालते, पण डिस्क जोडलेली असेल तरच. महिन्याची ठरावीक तारीख पाळणारे कोणी घरात नसेल, तर ऑनलाइनचे पारडे जड होते.

परंतु ऑनलाइन म्हणून जे घेतले जाते, ते दर वेळी बॅकअप असतेच असे नाही, आणि या मुद्द्यापाशी थोडे थांबणे आवश्यक आहे. गुगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह आणि ड्रॉपबॉक्स या मूलतः दोन्हीकडच्या फाइली सारख्या ठेवणाऱ्या सेवा आहेत. संगणकावर चुकून एखादे फोल्डर पुसले गेले तर तिकडेही ते पुसले जाते. गुगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये आणि वैयक्तिक वनड्राइव्हच्या रीसायकल बिनमध्ये ते ३० दिवस राहते, त्यानंतर नाही. परीक्षेच्या धामधुमीत पुसलेले फोल्डर सुट्टीत आठवले, तर वेळ टळून गेलेली असते. मोबाइलवरील गुगल फोटोजमधून फोटो काढून टाकला की तो खात्यातूनही जातो. जागा मोकळी करायची असेल तर त्यासाठी असलेला वेगळा पर्याय वापरावा, थेट डिलीट करू नये. बॅकब्लेझसारख्या खास बॅकअपसाठीच्या सेवा जुन्या आवृत्त्या अधिक व्यवस्थित सांभाळतात, पण त्यांचीही मुदत असते, ती घेण्यापूर्वी वाचावी. वनड्राइव्ह वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी: काही फाइली संगणकावर दिसतात, पण त्यांचा मजकूर केवळ ऑनलाइनच असतो आणि त्यांच्यापुढे निळ्या ढगाची खूण असते, म्हणजे अशा फाइलींची संगणकावर दुसरी प्रत नसते.

संपूर्ण संगणक, म्हणजे विंडोज, प्रोग्रॅम आणि फॉन्ट यांसह जसाच्या तसा परत हवा असेल, तर त्याची पूर्ण प्रतिमा हार्ड डिस्कवरच घ्यावी. ऑनलाइन सेवा बहुतांशी वैयक्तिक फाइलीच घेतात. मराठी घरांत याला एक विशेष महत्त्व आहे. श्रीलिपी किंवा आकृतीच्या जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेले लेख, पत्रे आणि वंशावळी पुष्कळांच्या संगणकात आहेत. त्या फाइली शाबूत राहिल्या आणि फॉन्ट गेला, तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक पसारा दिसतो. असे लेखन असेल तर फॉन्टच्या फाइली त्याच फोल्डरमध्ये ठेवाव्यात, मग बॅकअप कुठेही असो.

खर्चाची तुलना वाटते तेवढी अवघड नाही. हार्ड डिस्कचे पैसे एकदाच जातात, ऑनलाइन वर्गणी दरवर्षी भरावी लागते. मात्र डिस्कची वॉरंटी यंत्राची असते, आतल्या माहितीची नव्हे, आणि काही वर्षांनी नवी डिस्क घ्यावीच लागेल असे धरून चालावे. फुकट मिळणारी ऑनलाइन जागा थोडी आहे: गुगलची १५ जीबी, वनड्राइव्ह आणि आयक्लाउडची प्रत्येकी ५ जीबी. गुगलच्या १५ जीबींमध्ये जीमेलही मोडते, आणि जून २०२१ पासून नव्याने चढवलेले फोटोही त्यातच मोजले जातात. फोटोंनी ती जागा भरली की जीमेलवर नवी पत्रे येणे थांबते, म्हणजे बँकेची स्टेटमेंटही अडकतात.

एकच पर्याय निवडायचा असेल, तर १०० जीबीच्या आत माहिती आणि घरी फायबर जोडणी असणाऱ्याने ऑनलाइन जागा घ्यावी, असे मी स्पष्टपणे सांगेन. माहिती त्याहून बरीच अधिक असेल तर आधी हार्ड डिस्क घ्यावी, आणि जे पुन्हा मिळणार नाही तेवढेच ऑनलाइन ठेवावे. पॅन कार्ड किंवा गुणपत्रिका डिजिलॉकरमधून पुन्हा मिळू शकते, सातबारा महाभूलेखवर सापडतो. आजीच्या आवाजातील ओव्यांचे ध्वनिमुद्रण किंवा जुन्या अल्बममधून स्कॅन केलेले फोटो कुठलेही कार्यालय परत देऊ शकत नाही. ते किमान दोन जागी असलेच पाहिजेत.

निवड कोणतीही असो, दर काही महिन्यांनी बॅकअपमधली एखादी फाइल दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उघडून पाहावी. ऑनलाइन खात्याला दुहेरी पडताळणी लावावी आणि त्याचे बॅकअप कोड कागदावर लिहून ठेवावेत, कारण ओटीपी येणारा मोबाइलच संगणकाबरोबर हरवू शकतो. डिस्क बिटलॉकरने किंवा व्हेराक्रिप्टने कुलूपबंद केली असेल, तर पासवर्ड हरवल्यावर ती उघडणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून तो घरातल्या आणखी एका जबाबदार व्यक्तीकडे असावा. गुगलच्या खात्यात निष्क्रियतेची मुदत ३ ते १८ महिने अशी ठरवता येते आणि त्यानंतर निवडलेली माहिती कोणाला मिळावी त्यांची नावे देता येतात. ही नोंद वर्गणी भरतानाच पूर्ण करावी.