ठाणे-नेरूळ ट्रान्स हार्बर लोकल: दहावीची मुलगी एकटी गेली, त्यावरून लिहिलेला रिव्ह्यू

आधीच सांगते, ठाण्यात राहत असाल, मूल चौदा-पंधराचं असेल आणि नवी मुंबईत कुठे स्पर्धा, सेमिनार, ऑलिम्पियाडचा पेपर असं काही असेल तर एकट्याला पाठवायला ट्रान्स हार्बर लोकलइतकी चांगली सोय मला तरी दुसरी दिसत नाही. पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते खाली येईलच.

आमची लेक दहावीत आहे. नेरूळच्या एका कॉलेजात शाळेच्या मुलांसाठी पोस्टर प्रेझेंटेशन होतं, रविवारी. तिचा विषय ठाणे खाडीतले फ्लेमिंगो. माझी त्या रविवारी ड्युटी, हे गावी गेलेले, आणि बाईसाहेब दोन दिवस आधीच सांगून बसलेल्या की मी एकटी जाणार, कोणी सोडायला यायचं नाही. सासूबाईंचं म्हणणं, अगं पोर एकटी, त्यात हातात ते एवढं मोठं भेंडोळं, गाडी करून दे ना सरळ. गाडी करून देणं सोपं आहे हो, पण आम्ही राहतो घोडबंदर रोडला, तिथून कळवा-विटावा करत नेरूळला जायचं म्हणजे किती वाजता पोचेल हे कोणीच सांगू शकत नाही, आणि अनोळखी ड्रायव्हरबरोबर बंद गाडीत तासभर एकटी बसण्यापेक्षा पन्नास बायकांच्या डब्यात बसलेली मला जास्त बरी वाटते. हे माझं मत आहे, कोणाला पटेल, कोणाला नाही.

आम्ही कॉलेजात असताना ठाण्याहून वाशीला ट्रेनने जायचं तर कुर्ल्याला जाऊन हार्बर (सीएसएमटीहून वाशी-पनवेलला जाणारी लाइन) पकडायची, नाहीतर बसमध्ये लटकायचं. २००४ ला ही लाइन पॅसेंजरसाठी सुरू झाली आणि ठाणं नि नवी मुंबई खऱ्या अर्थाने शेजारी झाले. आता साधारण अर्ध्या तासात नेरूळ येतं. तिकीट चहा-वडापावच्या पैशांत. बारा वर्षांच्या पुढे हाफ तिकीट नसतं हे लक्षात ठेवा, मूल दिसायला कितीही लहान असलं तरी फुल काढा. आणि रिटर्नच काढा, म्हणजे संध्याकाळी दमून आल्यावर रांगेत उभं राहायला नको. मोबाईलवर तिकीट निघतं, पण पहिल्यांदाच एकटं जाणाऱ्या मुलाकडे मी कागदी तिकीटच देईन, बॅटरी संपली, नेट गेलं, टीसीसमोर स्क्रीन उघडेना, ही कटकटच नको.

ही लाइन मुलांसाठी चांगली का म्हणते तर पहिलं म्हणजे इथे स्लो-फास्टची भानगड नाही. सगळ्या गाड्या सगळीकडे थांबतात. मेन लाइनला फास्ट पकडली आणि आपलं स्टेशन डोळ्यांसमोरून निघून गेलं, असं इथे होत नाही. दुसरं, बऱ्याचशा गाड्या ठाण्यातूनच सुटतात, रिकामी गाडी लागते, पळापळ न करता चढता येतं आणि बहुतेक वेळा बसायला मिळतं. नऊ, दहा आणि दहा-ए हे प्लॅटफॉर्म. पश्चिमेकडून, म्हणजे सॅटिसवर (स्टेशनबाहेरचा उंच बसपूल) टीएमटीने, ठाण्याच्या सिटी बसने, उतरून येणार असाल तर पूल ओलांडून पार पूर्वेच्या टोकाला यावं लागतं, त्याला गर्दीत वेळ लागतो, तेवढा वेळ हातात ठेवून निघायला सांगा. कोपरीकडून येणाऱ्यांना अगदीच जवळ.

आता महत्त्वाचं, हे मुलांना घरी कागदावर काढून दाखवा. ठाण्याहून निघाली की खाडी, विटावा, मग दिघा गाव (हे स्टेशन २०२४ मध्ये सुरू झालं, जुन्या नकाशात नसेल), ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे. इथपर्यंत सगळ्या गाड्या सारख्याच. तुर्भ्यानंतर फाटा. वाशीची गाडी सानपाड्यावरून वाशीला जाते आणि नेरूळ-पनवेलची गाडी जुईनगरवरून नेरूळला. म्हणजे इंडिकेटरवर वाशी लिहिलंय की पनवेल किंवा नेरूळ लिहिलंय एवढंच बघायचं. लेकीला मी हेच सांगितलं की समोर गाडी उभी आहे म्हणून चढायचं नाही, आधी वर बघायचं, मग चढायचं, आणि खात्री नसेल तर डब्यातल्या कोणालाही विचारायचं, विचारण्यात कमीपणा नाही.

आणि समजा चुकलंच, वाशीच्या गाडीत बसलं, तरी बिघडत नाही. तुर्भ्याला उतरून मागची पनवेल गाडी पकडता येते, तेही राहिलं तर सानपाड्याला किंवा वाशीला उतरून हार्बरची पनवेल किंवा बेलापूर गाडी घेतली की नेरूळच येतं. येतानाही तसंच. नेरूळवरून ठाण्याची आणि सीएसएमटीची गाडी एकाच दिशेला जाते, मुलं हमखास इथे गोंधळतात. चुकून सीएसएमटीची पकडली तर वाशीला उतरायचं, तिथून ठाण्याच्या गाड्या सुटतात. मला या लाइनची सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच आहे, चूक झाली तरी वीस-पंचवीस मिनिटांच्या वर फटका बसत नाही. पहिल्या एकट्या प्रवासाला असाच रस्ता हवा. फक्त उरणची गाडी सांभाळा, तीही नेरूळवरून सुटते आणि त्या लाइनला गाड्या फार कमी असतात, तिकडे गेलं की परतीची वाट बघत बसावं लागेल.

लेडीज डब्याबद्दल मुद्दाम लिहिते. घोळक्यात चढली, तर एका काकूंनी विचारलं कुठे उतरणार, हिने नेरूळ सांगितलं, मग ते भेंडोळं कसलं, मग फ्लेमिंगो कसले, मग ही सुरूच झाली. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ ला जाहीर झालं, २०२२ ला रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या, यादीत आलं, पक्षी गुलाबी कशामुळे होतात तर खाण्यातल्या शेवाळातल्या रंगद्रव्यामुळे, सगळं ऐकवलं तिने त्या बायकांना. त्यातल्या एक नेरूळलाच राहणाऱ्या, त्या म्हणाल्या आमच्याकडच्या पाणथळीवर येतात की गं, आम्ही बघायला जातो. तुर्भे गेल्यावर ही उठून दाराशी निघाली तर काकूंनीच हात धरून बसवलं, अगं अजून जुईनगर आहे, मग नेरूळ, आत्ताच कुठे उठतेस. मला हे तिने रात्री सांगितलं तेव्हा खरंच बरं वाटलं. परीक्षकांसमोर बोलायची प्रॅक्टिस गाडीतच झाली तिची, वर्गातल्या मुलांसमोर बोलणं वेगळं आणि अनोळखी बायकांना समजेल असं सांगणं वेगळं.

हे सगळं रविवारचं. वीकडेला सकाळी ऑफिसच्या वेळी जायचं असेल तर चित्र पूर्ण उलटं. ऐरोली, रबाळे, घणसोलीला आयटीवाल्यांची आणि एमआयडीसीची एवढी गर्दी असते की हातात पोस्टर किंवा मॉडेल असेल तर त्याचा चुरा होईल. शक्य असेल तर साडेसातच्या आत निघायचं, लवकर पोचून तिथे बसलेलं परवडतं. मॉडेल मोठं असेल तर मात्र गाडीच करा, इथे मी लोकलचा आग्रह धरणार नाही.

पण रविवारची अडचण म्हणजे मेगाब्लॉक, दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद! कधी मेन लाइनला असतो, कधी हार्बरला, कधी ट्रान्स हार्बरलाच, आणि असला की साधारण सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळेत. मुलांच्या स्पर्धा नेमक्या याच वेळेत असतात. रेल्वे आधी जाहीर करते, पेपरात येतं, आदल्या दिवशी न चुकता बघा. ट्रान्स हार्बरवर ब्लॉक असेल तर ब्लॉक लागायच्या आधीची गाडी पकडून जायचं आणि उठल्यानंतरचीच पकडून यायचं, नाहीतर बेलापूर रोडवरून बस. आम्ही शनिवारी बघितलं, आमच्या लाइनला काही नव्हतं, तरी तिला नऊच्या आतच बाहेर काढलं.

नेरूळ स्टेशनबद्दल तक्रार नाही, नवी मुंबईतली स्टेशनं सिडकोने मोकळी बांधलीत, गर्दीत घुसमटायला होत नाही. घोळ होतो बाहेर पडल्यावर. पूर्व की पश्चिम हे आधी ठरलेलं पाहिजे. आयोजकांनी पाठवलेल्या पत्रात नुसता सेक्टरचा नंबर होता, ना नोड (वाशी, नेरूळ असा भाग) ना पूर्व-पश्चिम. नवी मुंबईत एकाच नंबरचा सेक्टर वाशीतही असतो, नेरूळमध्येही, ऐरोलीतही. शाळकरी मुलांना बोलावता, तर कुठल्या बाजूने बाहेर पडायचं एवढं एका ओळीत लिहायला काय जातं? मी शनिवारी फोन करून विचारून घेतलं आणि तिला एका चिठ्ठीत लिहून दिलं, स्टेशन, बाजू, सेक्टर, कॉलेजचं नाव, माझा आणि सासूबाईंचा नंबर. फोन बंद पडला तरी चिठ्ठी चालते. रिक्षा मीटरने जाते, कमीत कमी भाडं २६ रुपये आहे, सुट्टे पैसे वेगळे खिशात द्या आणि मीटर टाकायला सांग हे मुलीला आधीच सांगून ठेवा.

व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन आठ तासांचं लावता येतं, ते मी लावून घेतलं होतं, पण एक विनंती आहे सगळ्या आयांना, दर दहा मिनिटांनी फोन करू नका. पोरं गर्दीत एका हाताने फोन काढायला जातात आणि त्यातच काहीतरी होतं. आमचं ठरलेलं, गाडी सुटली की एक मेसेज, कॉलेजात पोचली की एक, निघताना एक. रेल्वेची हेल्पलाइन १३९ तिच्या फोनमध्ये सेव्ह करून दिली, लागली नाही पण असू दे.

येताना साडेपाचच्या सुमाराला ती स्टेशनवर आली तर ठाण्याच्या गाडीला बराच वेळ होता, तेवढ्यात सीएसएमटीच्या गाड्या जात राहिल्या, तिने इंडिकेटर बघून सोडून दिल्या. शाब्बास तिची. सातच्या आत घरी, पोस्टरचा एक कोपरा दुमडलेला, नंबर नाही आला पण एका परीक्षकांनी खारफुटीवर अजून काम कर म्हणून सांगितलं तेच दहा वेळा सांगत होती. सासूबाईंनी दृष्ट काढली.

अर्धा स्टार कापला तो गाड्यांच्या संख्येसाठी. मेन लाइनसारखी एक गेली की दुसरी मागोमाग असं इथे नाही, आणि संध्याकाळी अंधार पडायला लागला की एकट्या मुलीने प्लॅटफॉर्मवर पंधरा-वीस मिनिटं उभं राहणं घरच्यांना जड जातं. शनिवार-रविवारी तरी गाड्या वाढवायलाच हव्यात, या मुलांच्या सगळ्या परीक्षा आणि स्पर्धा त्याच दोन दिवसांत असतात.