शंकासूर लावून चौदा महिने झाले

आमच्या कुंपणालगतचा पट्टा निव्वळ मुरमाड. तिथे जास्वंद दोनदा लावली, दोन्ही वेळा वैशाखात करपली. मागच्या वर्षी मृगाच्या तोंडावर शंकासुराच्या बिया टाकल्या. सोलापूरकडचं ऊन सोसेल असं फुलझाड हवं होतं आणि फुलपाखरंही यायला हवी होती.

बी दगडासारखं कठीण असतं. तशाच पेरलेल्या सहांपैकी एकही उगवली नाही. मग आईच्या सांगण्यावरून आठ बिया कानशीने जरा घासून रात्रभर पाण्यात ठेवल्या. दहा दिवसांत पाच वर आल्या. दोन झाडं ठेवली, बाकीची वाटली.

पहिला पावसाळा संपेपर्यंत पाण्याकडे लक्ष दिलं. यंदाच्या उन्हाळ्यात मात्र आठवड्याला झाडामागे एक बादली, तीही भांडी विसळलेली. पानं थोडी गळली, पण झाड हललं नाही. मार्चअखेर पहिला तुरा आला: लाल पाकळ्या, पिवळी कड आणि बाहेर लांब झेपावलेले केसर.

या केसरांमुळेच मोठी फुलपाखरं पाहायला मजा येते. मध पिताना त्यांचे फडफडणारे पंख केसरांना घासतात आणि पराग पंखांवरूनच पुढच्या फुलाकडे जातो. लिंबावरची काळी-पिवळी फुलपाखरं सकाळी नऊनंतर हमखास येतात. शेजारच्या काकूंचा कढीपत्ता जवळ आहे, त्याचा यात मोठा वाटा आहे असं मला वाटतं, कारण त्यांच्या अळ्या त्यावर वाढतात. नुसतं मधाचं झाड लावून भागत नाही.

जुलैत एका फांदीची पानं पार चाळण झाली. औषधाचा पंप हातात घेतला होता, तेवढ्यात बारीक हिरव्या अळ्या दिसल्या. त्या ग्रास यलो या लहान पिवळ्या फुलपाखरांच्या निघाल्या. पंप ठेवून दिला. तीन आठवड्यांत फांदी पुन्हा पालवली आणि पिवळी फुलपाखरं अंगणभर झाली. तेव्हापासून या कुंपणाला कसलीच फवारणी नाही, आणि कुणी करू म्हटलं तर मी अडवते.

खोडाला काटे आहेत, म्हणून येण्याजाण्याच्या वाटेवर लावू नका. पाणी साचतं तिथे मुळं कुजतात, सावलीत फुलं येत नाहीत. फेब्रुवारीत छाटणी करा, कारण तुरे नव्या फुटीवरच येतात. शेंगा वाळल्या की तडकून बिया दूर उडतात. घरात लहान मुलं असतील तर शेंगा आधीच तोडून ठेवा, बिया पोटात जाता कामा नयेत.