लिनक्ससाठी एएमडीचं आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड : आठ महिने वापरल्यावर

विंडोज १०चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले, त्यामुळे चांगल्या चालत्या मशीनवर लिनक्स टाकायचं ठरलं. कार्ड घेताना मात्र बॉक्सवरचे आकडे नंतर बघावेत. ते चालवणारा ड्रायव्हर कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) आहे की बाहेर, ते आधी. एएमडीचा ड्रायव्हर कर्नलमध्येच येतो, त्यावरचं चित्र काढण्याचं (ओपनजीएल-व्हल्कनचं) काम मेसा हे मुक्त सॉफ्टवेअर सांभाळतं. लिनक्स मिंट २२वर आरएक्स ६६०० लावल्यावर काहीही डाउनलोड करावं लागलं नाही आणि आठ महिन्यांच्या कर्नल अपडेटमध्ये डिस्प्ले एकदाही गेला नाही.

एनव्हिडियाचा ड्रायव्हर मात्र बाहेरचा; त्याचं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा भाग) बहुधा दर कर्नल अपडेटला डीकेएमएस या साधनाकडून नव्याने बनतं. त्यासाठी लागणाऱ्या कर्नलच्या हेडर फाइल नसतील तर ते बनतच नाही, आणि सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल लोड होत नाही. एनव्हिडियाचं जुनं जीटीएक्स १०६० फुकटात मिळत असेल तरी नको: ५८० ही त्या पिढीची शेवटची ड्रायव्हर मालिका आहे. पण रोजचं पोट कूडावर (कार्डाकडून गणितं करून घेणारी एनव्हिडियाची प्रणाली) किंवा ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरवर असेल तर एनव्हिडियाचं आरटीएक्सच घ्या. ६६००ला आरओसीएमचा (एएमडीची कूडासारखी प्रणाली) अधिकृत सपोर्ट नाही. जुगाड करून चालतं, पण त्यावर डेडलाइनचं काम ठेवू नये.

एनव्हिडियावरून बदलताना जुने ड्रायव्हर पॅकेज आधी काढा, मग मशीन बंद करून कार्ड बदला. एक्सऑर्गची (स्क्रीनवर चित्र दाखवणारं सॉफ्टवेअर) जुनी कॉन्फिग फाइल राहिली तर त्यात एनव्हिडियाचं नाव असल्याने काळी स्क्रीन येते. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून लॉगिन करा आणि त्या फाइलचं नाव बदला. सिस्टिमच्या माहितीत ग्राफिक्ससमोर ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसलं, तर चित्र सीपीयू काढतोय, कार्ड रिकामं बसलंय. आरएक्स ९०७०सारखं नवं कार्ड मिंट २२च्या मूळ ६.८ कर्नलवर लावलं की हेच होतं.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला सेकंडहँड घ्यायला जाताना मिंटचा लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणारा) पेनड्राइव्ह खिशात असू द्या. ड्रायव्हर त्यातच असल्याने दुकानातच कार्ड तपासता येतं, हा मला सर्वांत मोठा फायदा वाटतो. दहा-पंधरा मिनिटं लोड देऊन तापमान बघा. एज (चिपच्या कडेचं) आणि जंक्शन (चिपच्या सर्वांत गरम जागेचं) तापमानात तीसेक अंशांचा फरक पडला तर चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट सुकलेली असू शकते. पोर्टजवळची पत्र्याची पट्टी आणि स्क्रूची डोकी गंजलेली असतील तर कार्ड दमट जागी पडून होतं. आपल्या हवेत हे हमखास दिसतं. दुकानदार स्वस्तातलं ६५०० एक्सटी पुढे करेल, ते टाळा: त्याला बोर्डाशी डेटाची देवाणघेवाण करायला फक्त चार लेन आहेत, म्हणून पीसीआय ३.०च्या जुन्या बोर्डावर ते मार खातं, आणि व्हिडिओ एन्कोडरही नाही. ६६०० आठ लेनचं आहे. १३२ वॅट आणि एक आठ पिनचा कनेक्टर, त्यामुळे चांगला ४५० वॅटचा एसएमपीएस पुरतो.

मॉनिटर फोर-के १२० हर्ट्झचा असेल तर केबल डिस्प्लेपोर्टचीच घ्या. एचडीएमआय २.१चा मुक्त ड्रायव्हर एचडीएमआयचे नियम ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमने २०२४मध्ये नाकारला, त्यामुळे एचडीएमआयवर पूर्ण दर्जात ६० हर्ट्झच मिळतात.