सॉमरसेटची फार्म सायडर, १० लिटरचा बॉक्स: मे महिन्यापासूनचा अनुभव

लिटरला साडेतीन पौंडात अशी सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, मिळते म्हणून मी ब्रिस्टलभर ओळखीच्यांना सांगत सुटलो होतो, आता त्यातले दोघं माझ्यावरच वैतागलेत, कारण त्यांच्याही बॉक्सला उंदीर लागलाय. खरा उंदीर नाही हो, चव.

आधी चांगलं सांगतो. डॅबिनेट आणि किंग्स्टन ब्लॅक, नुसती खायला गेलात तर थुंकाल अशी कडवट सफरचंदं, फार्मवरच दळून दाबलेली, यीस्ट बाहेरून घातलेलं नाही, हिवाळाभर बॅरलमध्ये आपली आपण आंबलेली. फेस नाही, गढूळ, जीभ आवळते. सुपरमार्केटच्या कॅनला कायद्याने ३५ टक्के रस पुरतो, इथे रसाशिवाय काही नाहीच. बनवणारा वर्षाला ७,००० लिटरच्या आत, त्यामुळे ड्यूटी, म्हणजे दारूवरचा कर, नाही, त्यामुळे हा भाव. पेट्रोल धरूनही परवडतं, हिशोब केलाय.

उन्हाळ्यातले बॉक्स मस्त संपले. आत्ताचा अर्ध्यावर आला आणि बोंबललं. ग्लासला वास नाही, घोटही ठीक, पण गिळल्यावर पाच-दहा सेकंदांनी घशातून उंदराच्या पिंजऱ्याचा वास वर येतो आणि जाता जात नाही. हे जीवाणूंचं किंवा ब्रेटानोमायसिस यीस्टचं काम, आंबट सायडरमध्ये तो वास दबून राहतो, लाळेने आंबटपणा उतरला की सुटतो. थेंबभर तळहातावर चोळून हुंगा, नाहीतर ग्लासात चिमूटभर खायचा सोडा टाका, लगेच कळेल. आणि कहर म्हणजे त्यातलं एक रसायन आपल्या आंबेमोहोर तांदळाच्या वासातलंच आहे! भातात चालतं की, इथे का छळतं कोण जाणे.

बायकोला हे लागतच नाही. बऱ्याच जणांना लागत नाही म्हणे. ती शांतपणे माझाही ग्लास संपवते आणि "तुझं आपलं काहीतरीच" म्हणते. बॉक्स घेऊन फार्मवर गेलो तर तिथल्या काकांनाही लागेना! चाखून म्हणाले, छान आहे की. अहो, ज्याला हा दोष कळतच नाही तो माल तपासणार कसा? सल्फाइट, म्हणजे जंतूंना आवरणारं प्रिझर्व्हेटिव्ह, घालत नाहीत, नॅचरल म्हणून. थोडं घातलं असतं तर निदान आळा बसला असता, एकदा लागल्यावर काढायचा उपाय नाही. पैसे परत नाहीत, पुढच्या बॉक्सवर पाच पौंड सूट. एक स्टार देऊन विषय संपवणार होतो.

पण पाच पौंड सोडवेनात. शनिवारी परत गेलो, यावेळी दुसऱ्या बॅरलमधली आधी तळहातावर चोळून घेतली, काका बघतच राहिले. ही स्वच्छ आहे आणि मे महिन्यातल्यापेक्षा भारी, आंबटपणा मऊ झालाय, कडवटपणा मागे रेंगाळतो. आता चार स्टार. घेणार असाल तर कुठल्या बॅरलची ते विचारा, आणि चोळून बघितल्याशिवाय १० लिटर उचलू नका. जुना बॉक्स बायकोच्या ताब्यात दिलाय, वाया काही जात नाहीये.