मार्करशिवाय खेळायचंय? मॉरोविंड की किंग्डम कम

स्कायरिम या गेममध्ये क्वेस्ट मार्कर, म्हणजे सोपवलेल्या कामाचं ठिकाण दाखवणारा बाण, बंद करता येतो. करून बघा, तासाभरात परत चालू कराल. दोष तुमचा नसतो. काम सांगणारा माणूस ‘वडिलांची तलवार डाकूंनी नेली, आणून द्या’ एवढंच बोलतो. डाकू कुठल्या डोंगरात बसलेत हे तो सांगत नाही, कारण ते सांगायचं काम बाणावर सोपवलेलं असतं. बाण गेला की माहितीही गेली. जर्नलमध्ये, म्हणजे गेममधल्या नोंदवहीत, वाटेचं वर्णन भरणारे मॉड (खेळाडूंनी केलेले बदल) मिळतात, काही चांगलेही आहेत, पण शेवटी ते ठिगळच.

म्हणून ज्याला खरोखर मार्करशिवाय भटकायचंय त्याने मुळातच तसा बांधलेला गेम घ्यावा. माझ्या मते निवड दोघांतच आहे. एक २००२ चा मॉरोविंड, दुसरा २०१८ चा किंग्डम कम: डिलिव्हरन्स, आणि तोही हार्डकोअर या मुद्दाम अवघड केलेल्या मोडमध्ये. साध्या मोडमध्ये किंग्डम कम इतर गेमसारखाच बोट धरून नेतो, त्यामुळे इथे त्याचा विचार नाही.

गॉथिक २ चं नाव कोणीतरी घेणारच. त्यातही मार्कर नाहीत, आणि ख्होरिनिस शहरात गेल्यावर बंदरावरच्या ब्राहिमकडून नकाशा विकत घ्यावा लागतो, हे मला फार आवडतं. पण त्याची कंट्रोल्स आज हातात बसायला इतका वेळ घेतात की वाट शोधण्याची मजा येईपर्यंत निम्मे लोक कंटाळून गेलेले असतात. एल्डन रिंगचा प्रकार वेगळा. पुढे कुठे जायचं ते सोन्याची किरणं दाखवतात, आणि उपकथांमधली माणसं कुठे गायब झाली हे मात्र कोणीच सांगत नाही. त्याला वाट शोधणं म्हणावं की अंदाज बांधणं, मला ठरवता आलेलं नाही. हे दोन्ही गेम बाजूला ठेवू.

आता मुख्य फरक. मॉरोविंडच्या नकाशावर तुम्ही कुठे आहात ते दिसतं, कोपऱ्यातल्या छोट्या नकाशात तोंड कुठल्या दिशेला आहे तेही दिसतं. दिसत नाही ते जायचं ठिकाण. किंग्डम कमच्या हार्डकोअरमध्ये बरोबर उलटं. जायचं ठिकाण नकाशावर मांडलेलं असतं, पण त्या नकाशावर तुम्ही नसता. वरच्या पट्टीवरून पूर्व-पश्चिमसुद्धा काढून टाकलेली. दोन्ही गेमना लोक ‘मार्करशिवाय’ याच खणात टाकतात, पण एकात गंतव्य शोधायचं असतं आणि दुसऱ्यात स्वतःला. यातलं कुठलं हरवणं तुम्हाला सोसवतं, त्यावर निवड ठरते.

मॉरोविंडपासून सुरुवात करू, कारण त्याच्या प्रेमात न पडणं कठीण आहे. सेडा नीनला बोटीवरून उतरलात की हातात एक पाकीट पडतं आणि बालमोराला जाऊन केयस कोसाडेसला भेटायला सांगतात. तो तुम्हाला बालमोरातल्याच हास्फाट आंटाबोलिसकडे पाठवतो, आणि हास्फाट तुम्हाला ड्वेमर या नामशेष झालेल्या लोकांच्या एका जुन्या पडक्या जागेतून, आर्कंगथँडमधून, एक छोटी पेटी आणायच्या कामाला जुंपतो. वाट अशी: बालमोरा सोडा, पूर्वेला मूनमॉथचा किल्ला गाठा, तिथून पुढे फोयाडा मामेया या घळीवरचा जुना ड्वेमर पूल ओलांडा, पलीकडे अवशेष दिसतील. दार बंद असतं. जवळच्या नळावर एक दांडा आहे, तो फिरवला की दार उघडतं. आत पेटी एका फळीवर ठेवलेली असते, आणि ती इतकी लहान की बरेच जण तिच्यासमोरून दोनदा जातात.

हे सगळं तुम्हाला माणूस सांगतो आणि जर्नलमध्ये उतरतं. कोकणात कोणाला वाट विचारली तर जसं सांगतात तसंच: पूल लागेल, डावीकडे वळा, देवळापाशी आलात तर फार पुढे गेलात समजा. त्यामुळे चालताना नजर रस्त्यावर राहते, दगड-ओढे लक्षात राहतात. फोयाडा मामेया ही लाव्ह्याने कोरलेली घळ एकदा ओळखीची झाली की समुद्राच्या बाजूपासून थेट घोस्टगेटपर्यंत ती तुमचा राजमार्ग होते. कुठून कुठे जायला सिल्ट स्ट्रायडर (माणसं वाहून नेणारा प्रचंड कीटक) मिळतो, कुठून बोट, कुठल्या गावातल्या मेजेस गिल्डमधून, म्हणजे जादूगारांच्या संघातून, दुसऱ्या गावात उडी मारता येते, याचं एक वेळापत्रक हळूहळू डोक्यात तयार होतं. इतका समाधान देणारा प्रवास मी दुसऱ्या कुठल्या गेममध्ये केलेला नाही.

आणि तरी माझं घोडं तिथेच अडलं. कारण छोटं आहे, पण आठवडाभर डोक्यात भुणभुणतं.

मॉरोविंडची वाट साखळीसारखी आहे. पूल, मग दुसरा फाटा, मग टेकडीला वळसा, मग ओढ्याच्या पलीकडे दार. एक कडी निसटली की पुढच्या सगळ्या कड्या निरुपयोगी. ‘दुसरा फाटा’ म्हणजे नेमका कुठला? तो जो बकऱ्या जातील एवढाच पुसट माग गेला, तो फाट्यात धरायचा की नाही? धरला तर एका टेकडीवर, नाही धरला तर दुसऱ्या. गुहेची दारं अशी की एकाच कोनातून दिसतात, दोन पावलं इकडेतिकडे झाली की खडकाआड. शेवटी एक दार सापडतं, नजर रोखली की त्यावर नाव उमटतं, आणि ते नाव भलत्याच गुहेचं असतं. दरम्यान डोक्यावर क्लिफ रेसर नावाचे हल्ला करणारे उडते प्राणी घिरट्या घालत असतात.

नकाशावर तुम्ही दिसता, म्हणून वाटतं की यात काय अवघड आहे. पण ‘मी इथे आहे’ हे कळून उपयोग नसतो, कारण ते ‘तिथे’ नकाशावर नाहीच. आल्मसिव्ही इंटरव्हेन्शन हा मंत्र टाकलात तर जवळच्या मंदिरात पोचता. सुखरूप पोचता, पण ठिकाणाच्या जवळ नाही. साखळीची पहिली कडी कुठल्या गावाबाहेर होती, तिथे पुन्हा जाऊन पहिल्यापासून मोजायचं.

हेही मी सहन केलं असतं. चुकलो तर चुकलो. पण काही वर्णनं खरोखरच मोघम आहेत, काही ठिकाणी सांगितलेली दिशा आणि जमिनीवरची दिशा जुळत नाही, आणि जुन्या खेळाडूंमध्ये ही गोष्ट उघड आहे. एकदा हे कळलं की प्रत्येक वेळी वाट चुकल्यावर शंका येते: मी चुकलो की सांगणारा? आणि ही शंका मिटवायला गेममध्ये काहीच सोय नाही. मग माणूस काय करतो? बाजूला ब्राउझर उघडतो, विकीवर त्या गुहेचं नाव टाकतो, लाल ठिपका बघतो आणि तिथे जातो. पहिल्यांदा थोडी लाज वाटते, नंतर सवय होते. माझ्या बाबतीत शेवटी प्रत्येक तिसऱ्या-चौथ्या कामाला विकी उघडी असायची. मार्कर स्क्रीनवर नव्हता एवढंच, तो शेजारच्या खिडकीत बसला होता. मग स्कायरिममधला काय वाईट होता?

न्याय म्हणून एक सांगायला हवं. ही वर्णनं धुक्यातल्या जगासाठी लिहिलेली आहेत असा माझा कयास आहे. मूळ गेममध्ये थोड्याच अंतरापलीकडे सगळं पांढरं होतं, त्यामुळे एकेक खूण जवळजवळ ओवावी लागली असणार. ओपनएमडब्ल्यू किंवा एमजीई एक्सई, म्हणजे चाहत्यांनी बनवलेली जोड-सॉफ्टवेअरं, लावून दूरचं दिसायला लागलं की बरीच कामं सोपी होतात. डोंगर समोर दिसत असताना टेकडीला वळसा कुठून घालायचा हे वेगळं विचारावं लागत नाही. तुम्ही मॉरोविंडच घेणार असाल तर हे आधी करा.

आता किंग्डम कम. सन १४०३, बोहेमिया, लोहाराचा पोरगा हेन्री, साझावा नदीचं खोरं. जग साधारण १६ चौरस किलोमीटरचं, म्हणजे आजकालच्या हिशेबाने लहानच. हार्डकोअर सुरू केल्यावर पहिले काही तास वैताग येतो. दर दोन मिनिटांनी नकाशा उघडता आणि त्यात स्वतःला शोधता, आणि नकाशा काही बोलत नाही. मग हळूहळू डोळे बदलतात. उजेड कुठून येतोय, सकाळ आहे की दुपार टळलीय, सावली कुठे पडलीय, हे बघितल्याशिवाय पाऊल उचलत नाही. राटाय गावाचे दोन गड, वरचा आणि खालचा पिर्कश्टाइन, दुरून कुठल्या कोनात दिसतात त्यावरून आपण कुठल्या रस्त्यावर आहोत हे कळायला लागतं. सासाऊच्या मठाचं बांधकाम चालू आहे, परांचीची लाकडं झाडांवरून डोकावतात. रस्त्याकडेचे क्रूस नकाशावर आहेत, ते जमिनीवर भेटले की जीवात जीव येतो.

आणि जंगलात पूर्ण हरवलात तर? एकदा सासाऊच्या अलीकडे रानात शिरलो, संध्याकाळ झाली, मशाल संपत आलेली. झाडं सगळी सारखी. मी फक्त उताराला लागलो, कारण उताराला पाणी असतं. ओढा मिळाला, ओढ्याने नदी दाखवली, नदीकाठाने चालत गेल्यावर गावाचे दिवे दिसले. नकाशा उघडला, नदीचं वळण आणि गाव जुळवलं, आणि लेडेच्को ओळखलं. साखळी तुटली होती, पण पहिल्या कडीपाशी जावं लागलं नाही. कुठल्याही दोन खुणा जुळवल्या की तुम्ही पुन्हा नकाशावर.

मला फरक पाडणारी गोष्ट हीच. इथला नकाशा खोटं बोलत नाही. चूक झाली तर ती माझीच, हे मला माहीत असतं, म्हणून ती माझी मलाच दुरुस्त करता येते. वाट शोधायला विकी उघडावी असं हार्डकोअरमध्ये मला वाटलं नाही. मुख्य कथेच्या कोड्यांसाठी उघडली असेल, ती गोष्ट वेगळी.

किंग्डम कममध्ये खटकणारं कमी नाही. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे माणसं वाट सांगत नाहीत. शेतकरी समोरून येतो, येशू ख्रिस्ताचा जयजयकार करतो आणि निघून जातो. मॉरोविंडमध्ये ज्या माणसांमुळे जग जिवंत वाटतं, त्यांची जागा इथे नकाशावरची खूण घेते. फास्ट ट्रॅव्हल, म्हणजे नकाशावरून थेट दुसरीकडे पोचायची सोय, नाही, त्यामुळे राटाय ते सासाऊ अशा निरोप पोचवायच्या कामांत पुढे पुढे रटाळपणा येतो. घोडा मिळेपर्यंत तर फारच. आणि सेव्ह करायला पलंग नाहीतर सेव्हियर श्नाप्स या दारूची बाटली लागते, म्हणजे वाट चुकून डाकूंच्या हातात पडलात तर तासाभराची मेहनत पाण्यात. मॉरोविंडमध्ये हवं तिथे सेव्ह होतं, त्यामुळे चुकण्याची किंमत कमी आहे. ज्यांना रात्री जेवणानंतर तेवढाच एक तास मिळतो, त्यांनी हा मुद्दा माझ्यापेक्षा जास्त मनावर घ्यावा.

खजिन्याच्या नकाशांबद्दल मात्र बोलायलाच हवं. किंग्डम कममध्ये हाताने काढलेली चित्रं मिळतात: नदीचं एक वळण, एक क्रूस, दोन झाडं, फुली. ना नाव, ना दिशा. चित्र लक्षात ठेवून फिरताना एक दिवस अचानक समोरचं दृश्य त्या कागदाशी जुळतं. मॉरोविंडमध्ये याच्या तोडीचं काही असेल तर ती इन्कार्नेटच्या गुहेची वाट, जी कोड्यात सांगितली जाते आणि जिचं दार फक्त पहाटे आणि संध्याकाळी उघडतं. तो प्रसंग मी किंग्डम कमच्या सगळ्या खजिन्यांच्या वर ठेवेन. पण तो एकच आहे.

यंत्राचं म्हणाल तर मॉरोविंड घरातल्या कुठल्याही जुन्या लॅपटॉपवर चालतो, किंग्डम कमला बरं ग्राफिक्स कार्ड लागतं. इथेच अनेकांचा निर्णय होऊन जातो, आणि त्यात काही गैर नाही.

वाचायची आवड असेल, वही-पेन घेऊन बसायला कंटाळा नसेल, एखादी गुहा सापडली नाही तर ‘जाऊ दे’ म्हणून दुसरीकडे भटकायचा स्वभाव असेल, तर मॉरोविंड. गेम ऑफ द इयर आवृत्ती घ्या. ट्रायब्युनल हा तिच्यातला जोडभाग आल्यापासून जर्नलमध्ये कामं क्वेस्टप्रमाणे वेगळी बघता येतात. त्याआधी सगळं तारखेप्रमाणे एकाखाली एक असायचं आणि पंधरा दिवसांनी परत आलं की कुठलं वर्णन कुठल्या कामाचं ते कळायचं नाही. पण माझ्यासारखं ‘हे मला सापडलंच पाहिजे’ असं डोक्यात बसत असेल, तर किंग्डम कम कमी छळेल असं मला वाटतं.

हार्डकोअर निवडलात तर सुरुवातीला हेन्रीसाठी काही उणिवा तुम्हालाच निवडून घ्याव्या लागतात. त्यात झोपेत चालण्याची एक आहे: एका जागी झोपायचं आणि भलत्याच जागी उठायचं. पहिल्या खेपेला ती सोडून दुसरं काहीही घ्या.