नाशिकची उन्हाळी फोटोग्राफी कार्यशाळा: ऊन अव्वल, अंधारखोली कच्ची

गंगापूर रोड परिसरातली मे महिन्यातली पाच दिवसांची कार्यशाळा, बारा जणांची तुकडी, साहित्यासह फी साडेचार हजार. नाव देत नाही, कारण खालचे बरेचसे गुणदोष अशा कुठल्याही वर्गात तपासून बघण्यासारखे आहेत. जाहिरातीत ‘सर्जनशील’ आणि ‘प्रयोगशील’ हे दोन्ही शब्द ठळक असले, तरी पैसे वसूल होतात ते पहिल्या दोन दिवसांत. त्या दोन दिवसांत कॅमेरा पिशवीतून बाहेरही काढावा लागत नाही.

पहिला दिवस सायनोटाइपचा. जॉन हर्शेल यांनी 1842 साली शोधलेली ही कागदाला लेप देऊन उन्हात करायची निळी छपाई शिकवायला इथे दुकानातला तयार संच वापरत नाहीत, द्रावणं समोर करायला लावतात. हा मोठाच गुण. 100 मिली पाण्यात 25 ग्रॅम हिरवं फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसऱ्या 100 मिलीत 10 ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. दोन्ही गडद बाटल्यांत वेगवेगळी ठेवली तर काही महिने टिकतात, पहिल्यावर मात्र बुरशी धरते, ती गाळून घ्यायची. वापरताना समभाग मिसळायची आणि मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. ए-फोर कागदाला साधारण चार मिली पुरतं. फेरिसायनाइडची बाटली संडास साफ करायच्या ॲसिडशेजारी ठेवू नका, तीव्र ॲसिडशी गाठ पडली की विषारी वायू सुटतो. ही सूचना पहिल्या दहा मिनिटांतच दिली गेली, हे चांगलं.

ब्रश बकरीच्या केसांचे, लोखंडी पट्टी नसलेले होते. पट्टीचं लोखंड द्रावणात उतरलं की कागदावर निळे ठिपके पडतात. कागद 300 जीएसएमचा वॉटरकलर. काही जणांनी सोबत आणलेला हातकागद फसला, आणि तो फसणारच होता. टिकाऊपणासाठी बऱ्याच कागदांत खडू घातलेला असतो आणि सायनोटाइपला अल्कली सोसत नाही.

वेळ मात्र चुकवली. लेप सकाळी द्यायचा, जेवण करायचं आणि चार वाजता छापायचं, असा बेत. नाशिक जवळजवळ 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे 20-21 मेच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर येतो, तोही बाराला नाही, साडेबाराला. या उन्हात कडुलिंबाची डहाळी काचेखाली ठेवली तर तिरकी सावली पडत नाही, पानाची कड सुरीने कापल्यासारखी उमटते आणि पाच-सात मिनिटांत काम होतं. चारला तेच काम दुप्पट-तिप्पट वेळ घेतं आणि जाड फुलांच्या कडा धूसर होतात. घड्याळावर मात्र विसंबू नयेच. लेपाची उघडी कड पिवळट-हिरवी, मग निळी, मग राखाडी-तपकिरी झाली की कागद उचलायचा. निळ्यावरच उचलला तर धुताना अर्धं चित्र वाहून जातं.

धुण्यासाठी बोअरचं पाणी होतं. जड, अल्कलीयुक्त पाण्यात निळा रंग विटतो, आणि तुकडीतल्या निम्म्या छपाया तशाच फिक्या झाल्या. ढोकळ्यात घालतात ते सायट्रिक ॲसिड चमचाभर बादलीत टाकलं असतं तर भागलं असतं. शेवटी 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडच्या पाण्यात बुडवून निळा क्षणात गडद करून दाखवला. टाळ्या पडल्या. पण त्याने निळं लवकर दिसतं इतकंच, वाहून गेलेलं परत येत नाही, हेही तेव्हाच सांगायला हवं होतं.

दुपारच्या फावल्या वेळात हळदीची छपाई होती आणि ती सगळ्यांत मजेची. चमचाभर हळद 50 मिली स्पिरिटमध्ये खळबळून फडक्याने गाळायची, कागदावर लावून अंधारात वाळवायची, वर पान ठेवून दोन-तीन तास ऊन द्यायचं. मग टाकणखाराचं पाणी फिरवलं की झाकलेला भाग विटकरी लाल होतो. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, त्यातलाच हा प्रकार. हे चित्र पक्कं करता येत नाही, वहीत मिटूनच ठेवावं लागतं. भिंतीवर लावायला फ्रेम विकत घेऊ नका.

दुसऱ्या दिवशी पिनहोल, म्हणजे लेन्सऐवजी सुईएवढ्या भोकातून फोटो काढणारा डबा. 10 सेंटीमीटर खोल पत्र्याचा डबा, आतून काळा मॅट रंग, कोल्ड्रिंकच्या कॅनच्या पत्र्याला 0.45 मिमीचं भोक. सुई आरपार दाबायची नाही, टेंगूळ आलं की मागून बारीक पॉलिश पेपरने घासायचं, म्हणजे कडा स्वच्छ राहतात. डब्याची खोली भागिले भोकाचा व्यास, म्हणून हे छिद्र साधारण एफ 220 ठरतं. फोटोपेपरचा वेग, म्हणजे उजेडाला जागण्याची क्षमता, आयएसओ 6 धरला तर कडक उन्हात भोक अर्धा मिनिट उघडं ठेवायचं. गणित फळ्यावर करून दाखवलं आणि ते बरोबर होतं.

पण चित्रं काढायला पांडवलेण्याच्या पायथ्याशी, दादासाहेब फाळके स्मारकाच्या बाजूला नेलं ते सकाळी साडेसहाला. जागा छान, वेळ वाईट. साधा ब्लॅक अँड व्हाइट कागद मुख्यतः निळ्या उजेडाला जागतो. सकाळच्या सोनेरी उन्हाला तो जवळजवळ आंधळा, म्हणून मोबाइलवरच्या उजेड मोजणाऱ्या मीटरने सांगितलेला वेळ कमी पडला आणि पहिल्या फेरीतले बहुतेक कागद रिकामे निघाले. नऊनंतरचे उत्तम आले.

अंधारखोलीबद्दल मात्र तक्रारच आहे. गच्चीवरच्या टाकीचं पाणी मे महिन्यात तापतं. कागदावर चित्र उमटवणारं रसायन, म्हणजे डेव्हलपर, 20 अंशांना दीड-दोन मिनिटं घेतो, इथे कागद वीस सेकंदांत काळा पडत होता. घाबरून लवकर काढला की डाग-डाग. ट्रेखाली बर्फाच्या पाण्याची मोठी परात ठेवली तर पुरतं, बर्फ थेट डेव्हलपरमध्ये टाकला की तो पातळ होतो. लाल बल्बही तपासलेला नव्हता. कागदावर नाणं ठेवून बल्बखाली पाच मिनिटं थांबायचं आणि कागद डेव्हलप करायचा, नाण्याचा गोल उमटला तर बल्ब बाद. पहिल्याच तुकडीआधी हे केलं असतं तर करड्या पडलेल्या कागदांचं एक पाकीट वाचलं असतं.

तिसरा दिवस मल्टिपल एक्स्पोजर (एकाच फोटोवर अनेक चित्रं) आणि कॅमेरा हलवून फोटो काढण्याचा. ठीक. उजेड कमी करणारे काळपट एनडी फिल्टर दोनच होते. एनडीशिवाय दुपारच्या उन्हात शटर पाव सेकंद उघडं ठेवता येत नाही, म्हणजे दहा जण सावलीत बसून.

चौथ्या रात्री रामकुंडाच्या घाटावर लाइट पेंटिंग, म्हणजे शटर उघडं ठेवून टॉर्चने रेघा काढणं. घाटावर दिव्यांचा इतका झगमगाट की एफ 11, आयएसओ 100 आणि 30 सेकंदांतच चित्र पांढरं होतं, टॉर्चची रेघ दिसणार कुठे? गावाबाहेरचा एखादा अंधारा माळ हवा होता. पेटती लोखंडी घासणी फिरवून ठिणग्या उडवण्याचा खेळ त्यांनी केला नाही, हे शहाणपणाचं. मे महिन्यातल्या वाळल्या गवतात ठिणगी पडायला वेळ लागत नाही.

पाचवा दिवस संगणकावरचा, तो घरी बसूनही शिकता येतो.

फक्त पहिल्या दोन दिवसांची वेगळी फी घेतात, 2200 रुपये. तेवढीच भरावी. नोंदवण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: छपाई किती वाजता, धुण्याचं पाणी कुठलं, अंधारखोलीत थर्मामीटर आहे का. जूनची तुकडी घेणार असाल तर चौथीही विचारा. ढगाळ दिवशी सायनोटाइपला अर्धा तासही लागतो आणि दमट हवेत लेप वाळत नाही. ओलसर कागदावर निगेटिव्ह ठेवली की ती चिकटून दोन्ही वाया जातात, म्हणून त्यांच्याकडे हेअर ड्रायर आहे की नाही ते बघा, आणि तो थंड हवेवर चालवतात की गरम, तेही.