लिस्बनवाला की सरकारी ऑर्डर?

माझी मावसबहीण सहा महिने हाच हिशेब मांडतेय आणि गोव्यात फोंड्यातल्या चहाच्या टेबलावर मी तिचा फुकटचा सल्लागार. एकीकडे क्लार्कची पर्मनंट पोस्ट, नेमणुकीची ऑर्डर प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून कपाटात साड्यांखाली ठेवलीय. दुसरीकडे कॉलेजपासूनचा तो, आजोबांच्या 1961 आधीच्या, गोवा पोर्तुगीजांकडे असतानाच्या जन्मदाखल्यावर पोर्तुगीज पासपोर्ट काढून लिस्बनला गेलेला. हिवाळ्यात इथे रात्रीचे बारा म्हणजे तिथे संध्याकाळचे साडेसहा, तो ड्युटीवरून सुटतो तेव्हा ही डोळे ताणून फोन धरून बसलेली असते आणि सकाळी परत तीच आठची कदंबा, सरकारी बस.

गेली तर काय मिळतं? एकत्र राहणं, बस, आणि ते कमी नाही हां, यंदा चवथीला गणपतीवर टांगतात त्या फळाफुलांच्या माटोळीला काय काय बांधलं हे त्याने व्हिडिओ कॉलवर बघितलं तेव्हा दोघंही गप्प झाली होती. पण जातं काय तेही बघा. ही पोस्ट एकदा सोडली की परत अर्ज, परीक्षा, 15 वर्षांच्या रहिवासी दाखल्यासाठी खेपा, सगळं पहिल्यापासून. त्यात तो म्हणतो तूही पोर्तुगीज पासपोर्ट कर. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, म्हणजे मतदान गेलं, सरकारी नोकरीचं दार बंद. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना देतात ते ओसीआय कार्ड मिळालं तरी शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलांचं कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, वारशाने येईल, पण शेजारचा तुकडा घ्यायचा म्हटला तर नाही.

राहिली तर पगार, आईवडील जवळ, चवथीला घरी. मला विचाराल तर याचं जरा जास्तच कौतुक होतं आपल्याकडे, सरकारी नोकरी म्हणजे काय देव्हारा नव्हे.

आणि त्यागाचं म्हणाल तर आमच्या मोठ्या काकूने लग्नासाठी नाट्यसंगीत सोडलं. भांडण नाही, तक्रार नाही. पण अजून आरतीला तिचा आवाज सगळ्यांच्या वर चढतो आणि काका तेवढा वेळ खाली जमिनीकडे बघत उभे असतात. तिने सोडलेलं काय कुठे गेलेलं नाही, घरातच आहे.

म्हणून मी तिला म्हटलं, किती सोडायचं हे नंतर बघ, जे सोडतेस ते परत मिळतं का ते आधी बघ. बिनपगारी रजा मिळते का ते ऑफिसात विचार, मिळाली तर वर्षभर जाऊन राहून बघ. पासपोर्ट बदलायची घाई नको, बायको म्हणून जायला तो लागतोच असं नाही. लग्न गोव्यातच रजिस्टर कर, आपल्याकडे आधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्तेत दोघांचा निम्मा निम्मा हक्क असतो, नोकरी सोडून बसणाऱ्या बाईला हा आधार लहान नाही. करारावर सही मागितलीच तर मात्र तिथेच थांब.

आणि त्याला एवढंच विचार, तू काय सोडतोयस?

तिने माझ्यासमोरच व्हॉइस नोट पाठवली, आवाज जरा कापत होता, मग उरलेला बन चहात बुडवत बसली. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, चवथीला येतो, समोर बसून बोलू. तिकीट अजून काढलेलं नाहीय, काल तीच सांगत होती.